तेविसाव्या पानावरची बाई

आपा, विभागाच्या अंकासाठी तुझ्यावर पाचशे शब्द मागितले होते, ते मी परवा देऊन टाकले. त्यात तुझा जन्म, लग्न, चाळिशीत घेतलेली एम.ए.ची पदवी, अर्धवट राहिलेली पीएच.डी., सगळं ओळीनं आलंय. सरांना आवडलं. 'नेमकं लिहिलंयस,' म्हणाले. नेमकं लिहिण्यात मी आता इतकी तयार झालेय की कुठल्याही माणसाला पाचशे शब्दांत गुंडाळू शकते. हे लिखाण मात्र कुणी मागितलेलं नाही, आणि मी ते कुणाला दाखवणारही नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू निघून गेलीस म्हणून मी ते सोडणार नाही.

भांडण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापासूनचं. लेखाचा मुख्य मुद्दा कुठं असतो?

सरांनी पहिल्याच महिन्यात आपल्या दोघींना एक इंग्रजी लेख दिला होता. बत्तीस पानं, बारीक टाईप, खाली तळटीपांची रांग. मी गडमुडशिंगीहून सिटी बसनं यायची, तू इचलकरंजीहून एसटीनं. मी तो लेख बसमध्ये उभ्या उभ्या संपवला. पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद, मधल्या परिच्छेदांची पहिली पहिली ओळ, झालं. तू चार दिवस घेतलेस. शब्दकोश मांडीवर, पेन्सिल कानामागं, आणि वाचताना ओठ हलायचे. मला हसू यायचं. मी पंचविशीतली, तू माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, आणि वाचनालयातली पोरं तुला सुरुवातीला विभागातली शिपाईबाई समजायची. तुला त्याचं काही नव्हतं. उलट त्यांच्याकडून खुर्च्या हलवून घ्यायचीस.

पाचव्या दिवशी तू मला नावानं हाक मारून विचारलंस, "मित्रा, ह्यो माणूस कुणावर चिडलाय?"

मी म्हटलं, चिडायचा काय संबंध, शोधनिबंध आहे.

"चिडल्याबिगर कोण बत्तीस पानं लिवंल?" तू म्हणालीस. "कुणीतरी आधी कायतरी बोललंय, ते ह्याला पटलेलं न्हाय. ते कोण आणि का पटलं न्हाय, एवढं घावलं की बाकीचं सगळं त्याच्यासाठी हाय."

मला वाचनाबद्दल आजवर कुणी सांगितलेली ही सगळ्यात खरी गोष्ट आहे. मी आता वर्गात ती माझी म्हणून सांगते. पोरं वहीत उतरवून घेतात. तुझं नाव घ्यायचं दरवेळी राहून जातं.

तुझी परीक्षाही ठरलेली होती. तुझ्या गल्लीत दुपारी बायका कांड्या भरायला बसायच्या, मागासाठी लागणारं सूत कांडीवर गुंडाळायचं काम. लेख वाचून झाला की तू त्यांच्यात जाऊन बसायचीस आणि कांड्या भरता भरता त्यांना तो सांगायचीस. शहरातल्या जागेवरचा लेख, जातीवरचा, पगाराविना राबण्यावरचा. त्यातली एखादी म्हणाली, "मग ह्यात नवीन काय हाय गं?" की तू समजायचीस, मुद्दा अजून हाताला लागलेला नाही. आणि एखादी कांडी थांबवून म्हणाली, "न्हाय, असं कसं म्हणतोय त्यो?" की तू खूष. दुसऱ्या दिवशी विभागात येऊन सांगायचीस, "काल भांडण लागलं. म्हंजे बराबर वाचलंय."

मी म्हणायची, आपा, एका लेखाला आठवडा घालवलास तर आयुष्यात वाचशील किती? तू म्हणायचीस, "तू किती वाचलंस ते सांग. किती चाळलंस ते नको." असं बोलायचीस तू. तोंडावर, आणि चहाचा कप माझ्याकडं सरकवत.

मग ते सेमिनार. सगळा विभाग बसलेला, बाहेरचे दोन प्राध्यापक आलेले, आणि मी एका लेखाचा सारांश झोकात मांडत होते. लेखकाचं म्हणणं असं आहे की कामगार स्त्रियांना हक्कांची जाणीव नसते, म्हणून त्या संघटित होत नाहीत. पहिल्या दोन पानांवर अगदी असंच लिहिलं होतं. मी खाली बसायच्या आत तू उठलीस. "मित्रा, ते त्याचं म्हणणं न्हवं. ते त्याच्या विरोधकाचं हाय. त्यानं दोन पानं विरोधकाला बोलू दिलंय आणि अकराव्या पानापासनं त्याला धरलाय." हॉल हसला. पाहुणे हसले. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी तू माझ्यासमोर त्या लेखाचं अकरावं पान ठेवलंस, वर एका डब्यात खिमा-पाव. "राग नंतर कर. आधी हे वाच, मग खा." मी आधी खाल्लं. मग वाचलं. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं, आणि ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. मी साफ चुकले होते, आपा. एका माणसाच्या तोंडी मी त्याच्या वैऱ्याचं बोलणं घातलं होतं.

पुढं माझी पीएच.डी. झाली आणि तुझी रेंगाळली. मी गडहिंग्लजच्या एका कॉलेजात तासांवर लागले. आठवड्यातले चार दिवस एसटीत. उत्तरपत्रिका, मूल्यमापनाच्या फायली, दुसऱ्यांच्या प्रबंधांचे मसुदे. मी सगळं पहिल्या आणि शेवटच्या पानावरून निकालात काढायला लागले. कुणाचे निरोप, कुणाचे फोन, घरचं बोलणंसुद्धा. आई काही सांगायला लागली की मी म्हणायची, मुद्द्याचं बोल. तू कधी फोन केलास की सुरुवात हवापाण्यापासून, मग तुझ्या लेकीची, तबस्सुमची, परीक्षा, मग गल्लीतली कुणाची सून, आणि खरं जे सांगायचंय ते कुठंतरी मध्येच, सहज बोलल्यासारखं. तोवर माझी बस आलेली असायची.

गेल्या उन्हाळ्यात तू तुझं तिसरं प्रकरण पाठवलंस. बेचाळीस पानं, फोनवर. 'यंत्रमाग परिसरातील स्त्रिया आणि आजाराविषयीचे मौन.' सोबत लिहिलं होतंस, 'सावकाश वाच. तुलाच पाठवलंय, सरांना अजून न्हाय.'

मी ते एसटीत निपाणी ओलांडल्यावर उघडलं आणि कागल यायच्या आत बंद केलं. पहिलं पान: बायकांना आजाराची माहिती नसते, म्हणून उपचाराला उशीर होतो, असे आजवरच्या अभ्यासांत दिसते. शेवटचं पान: गावोगावी शिबिरं घ्यावीत, प्रबोधन व्हावं, वगैरे. मधली पानं अंगठ्यानं वर ढकलली. आणि तुला लिहिलं, 'आपा, मस्त झालंय. जनजागृतीचा मुद्दा स्पष्ट आलाय. दोन-तीन संदर्भ तपासून घे.'

थोड्या वेळानं तुझं उत्तर आलं. 'सगळं वाचलंस?'

मी लिहिलं, 'हो आपा, सगळं.'

'बरं,' एवढंच लिहिलंस तू.

त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही, कारण मी तो लावायला थांबलेच नाही. आता लागतो. जनजागृती हा शब्द मी लिहिला तिथंच तुला कळलं होतं. पहिल्या पानावर तू विरोधकाला बोलू दिलं होतंस, आणि मी पुन्हा त्यालाच तू समजले. तीच चूक. यावेळी तू उठून उभी राहिली नाहीस, डबा घेऊन आली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर तबस्सुमचा फोन आला की अम्मीला कोल्हापूरला दाखवलंय, छातीत गाठ आहे, पसरलीय. मी दवाखान्यात धावले. डॉक्टर सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते, इतके दिवस काय केलंत. तुझा नवरा भिंतीला टेकून उभा होता, मागावरनं तसाच आलेला, केसांत कापसाचे तंतू. त्याला काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी तुझ्यावर खेकसले. "आपा, शिकलेली बाई तू. आजारावर प्रकरण लिहितेस आणि स्वतःचं कुणाला सांगत नाहीस? मला तरी सांगायचंस."

तू माझ्याकडं बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "सोड आता. तुझं पेपर तपासून झालं काय?"

मी म्हटलं, झाले. आणि तू डोळे मिटलेस. त्या बघण्यात काय होतं हे मी रोज शोधते. कधी वाटतं तू माफ केलंस, कधी वाटतं नाद सोडलास माझा.

फेब्रुवारीत तू गेलीस. आमच्यात बायका शेवटपर्यंत जातात, चितेपर्यंत. तुमच्यात तुला उंबऱ्यातूनच निरोप द्यायचा होता. पुरुष तुला घेऊन निघाले आणि मी गल्लीतल्या बायकांत उभी राहिले. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "तुम्हीच काय त्या मित्राबाई? तुमचंच लई सांगायची." काय सांगायची, विचारायचा धीर झाला नाही मला.

मार्चमध्ये सरांनी ठरवलं की तुझी तीन प्रकरणं विभागातर्फे पुस्तिका म्हणून काढायची आणि संपादन मी करायचं. म्हणून मी ते प्रकरण पुन्हा उघडलं. या वेळी पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, तू वाचायचीस तसं. सातव्या पानावर तू त्या आधीच्या अभ्यासांना धरलं होतंस. बाईला दुखणं कळत नाही हे खोटं आहे, तू लिहिलंस. तिला ते पहिल्या दिवशी कळतं. ती सांगायला जागा शोधते, आडून आडून सांगतेही, आणि ऐकणारा घाईत असतो. मौन बाईचं नसतं, ते ऐकणाऱ्याचं असतं. तोच तुझा मुद्दा. बेचाळीस पानं त्याच्यासाठी. शिबिरांचा शेवट सरांच्या आग्रहाखातर चिकटवलेला, हे कुणालाही कळलं असतं, वाचलं असतं तर.

आणि तेविसाव्या पानावर ती बाई.

'उत्तरदाती क्र. १७. वय ४४. डाव्या छातीत गाठ असल्याचे तिला पाच महिन्यांपासून माहीत आहे. घरी सांगितलेले नाही. हातातले काम पुरे होऊ दे, मग बघू, असे म्हणते. भीती वाटते का, या प्रश्नावर ती हसली. कुणी आपणहून विचारले तर सांगेन, असे तिचे म्हणणे. अद्याप कुणी विचारलेले नाही.'

आपा, मुलाखती सोळा होत्या. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. परिशिष्टातला सोळा उत्तरदात्यांचा तक्ता मीच तुला करून दिला होता, एक एक रकाना. सतरा हा आकडा दुसऱ्या कुणाला खटकला नसता. सरांना नाही, परीक्षकांना नाही. फक्त मला खटकला असता. तो आकडा तू माझ्यासाठीच टाकला होतास ना? तू मला तुझ्या पद्धतीनं सांगितलं होतंस, आणि मी लिहिलं, मस्त झालंय.

आता माझं ऐक. माझाही एक मुद्दा आहे, आणि मी तो तू मेलीस म्हणून मागं घेणार नाही. जगण्यामरणाची गोष्ट कुणी तेविसाव्या पानावर ठेवतं का? फोन करायचास. 'मित्रा, गाठ आहे,' तीन शब्द. मी त्याच पावली बसमधून उतरले असते, हे तुला माहीत होतं. की नव्हतं? की तू माझी परीक्षा घेत होतीस, वाचते का नाही बघत होतीस? तसं असेल तर ही फार दुष्ट परीक्षा झाली, आणि मला तुझा राग येतो. रडता रडता येतो. मग तुझं सातवं पान आठवतं आणि तोंड बंद होतं, कारण तिथं तू लिहूनच ठेवलंयस, पहिल्या ओळीत सांगायला समोरचा थांबलेला असावा लागतो. तुझ्या फोनच्या पहिल्या ओळीला मी कधी थांबले होते?

गेल्या रविवारी मी इचलकरंजीला आले. ठरवून आले होते की तबस्सुमला सगळं सांगायचं. तिच्या आईनं लिहिलं होतं, मी वाचलं नाही आणि वाचलं म्हणून सांगितलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर त्या घ्यायच्या होत्या. खरं सांगायचं तर त्या हव्याच होत्या मला.

दुपारची वेळ. गल्लीत मागांचा खडखडाट, दारात पाण्याचा बॅरल, आत तू लिहायचीस ती लोखंडी कॉट. तबस्सुमनं चहा केला, माझ्यासमोर बसली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मावशी, एक विचारू? अम्मीच्या त्या प्रकरणात एक सतरावी बाई हाय. तुम्ही वाचलंय न्हवं?"

मी म्हटलं, वाचलंय.

"त्ये अम्मीनं हातानं लिहिलंतं. टाईप मी केलंय," ती म्हणाली. "कॉलेजातनं आले की रोज चार पानं. त्ये पान बी मीच केलं. अक्षर न् अक्षर. वय चवेचाळीस, डावी छाती, समदं माझ्या बोटांनी टाईप केलं मावशी, आणि मला कायबी कळलं न्हाय. अम्मी माझ्या शेजारीच बसलीती. मला म्हणली, झालं काय गं त्ये पान? मी म्हटलं, झालं. यादीत मी मोजलं. यादीत सोळाच हायत. ती बाई अम्मीच हाय न्हवं?"

एकोणीस वर्षांची पोर, आपा. नखं कुरतडून कुरतडून बोटांची टोकं लाल झालेली. किती दिवस ती हे एकटीच घेऊन बसली होती कोण जाणे. मी कबुली द्यायला आले होते, आणि कबुली दिली असती तर तिचं उत्तर तिला तिथंच मिळालं असतं.

"न्हाय गं," मी म्हटलं. तुमच्यात आले की माझीही बोली फिरते. "ती बाई येगळी. आपानं तिची मुलाखत शेवटाला घेतली, माझ्या देखत. तक्ता मी आधीच केलता, त्यात ती घालायची राहून गेली. माझी चूक."

"शप्पत?"

"तक्ता मीच केलाय की. मला म्हाईत न्हाय व्हय?"

मी तिच्यासमोरच लॅपटॉप उघडला आणि परिशिष्टात सतरावी ओळ घातली. वय चवेचाळीस. काम, कांड्या भरणे. शिक्षण, सातवी. अपत्ये, दोन मुलगे. तुझ्यासारखं काही राहू नये म्हणून एक एक रकाना विचार करून भरला. संशोधनात याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. सोळा बायकांची साक्ष तू दोन वर्षं उन्हातान्हात फिरून आणलीस, त्यात एक ओळसुद्धा मनाची नव्हती, आणि मी तुझ्या कॉटवर बसून त्यात खोटी बाई घुसवली. आता हे मी कुणालाच सांगू शकणार नाही. माझी कबुलीही त्या ओळीखाली गेली.

तबस्सुमनं पडद्यावरची ओळ दोनदा वाचली. खांदे खाली आले तिचे. पदरानं, म्हणजे ओढणीनं, तोंड पुसलं आणि कितीतरी वेळानं पहिल्यांदा चहाचा घोट घेतला. मला वाटलं, निभावलं.

मग ती एकदम ताठ झाली. "मावशी, मग ती बाई कुठं असती? आपण जाऊया तिच्याकडं. आत्ताच जाऊया. तिनं अजून कुणाला सांगितलं नसलं तर? अम्मीसारखं व्हायला नको तिचं."

चपला घालायला उठलीच होती ती. मी तिचा हात धरला.

"गेली ती दवाखान्यात," मी म्हटलं. "कवाच गेली. तिच्या मैतरणीनं वळखलं आणि इचारलं तिला, मग तिनं सांगितलं. वेळेवर गेली, म्हणून वाचली. बरी हाय आता."

"नक्की?"

"व्हय. कालच बोलले मी तिच्याशी."